कुंचल्यावरील खंड

उत्पादनाच्या साधनांची मालकी कोणाची, हा प्रश्न शेत आणि गिरणी यांच्यापुरता मर्यादित आहे, चित्रकाराच्या मेजापर्यंत तो पोहोचत नाही, असा समज अजूनही आढळतो. कुंचला, रंग, कागद ही साधने चित्रकार बाजारातून विकत घेई आणि ती त्याची होत. आज ही स्थिती उरलेली नाही.

मुखपृष्ठे, जाहिराती, बालपुस्तकांतील चित्रे यांचे बरेचसे काम आता संगणकावर होते. चित्रकार पडद्यावर विशेष लेखणी चालवतो. तिचा दाब ओळखून रेघ जाड-बारीक करणे, रंग मिसळणे, चित्राचे थर वेगळे राखणे हे काम सॉफ्टवेअर करते. तेच त्याचा कुंचला झाले आहे. या क्षेत्रातील अमेरिकन ॲडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि दीर्घकाळ ते एकरकमी किमतीस मिळत असे. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केले की, पुढील आवृत्त्या केवळ वर्गणी भरूनच वापरता येतील. दहा वर्षे वर्गणी भरलेल्या चित्रकाराने अकराव्या वर्षी ती थांबवली, तर त्याच्या पदरी साधन उरत नाही.

या व्यवहाराला मराठी शेतकऱ्याच्या भाषेत खंड म्हणतात. १ एप्रिल १९५७ रोजी तत्कालीन मुंबई राज्यात कुळकायद्यानुसार कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या खंड भरूनही ज्याला मालकी नाही, त्याच्या श्रमाला स्थैर्य नाही, ही जाण त्यामागे होती. शिवाय जमीन मर्यादित असते, म्हणून तिच्यावर खंड निर्माण होतो. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. येथील टंचाई निसर्गाने निर्माण केलेली नाही. ती परवान्याच्या अटींनी निर्माण केली आहे.

कुळाची असहायता ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हेनेझुएलात दिसली. अमेरिकन सरकारच्या निर्बंधांमुळे त्या देशातील ग्राहकांची खाती बंद करण्याचे ॲडोबीने जाहीर केले. पुढे सरकारी परवानगी मिळाल्याने सेवा चालू राहिली. परंतु परक्या राजधानीतील एका आदेशाने चित्रकाराच्या हातातील कुंचला गळून पडू शकतो, हे सिद्ध झाले. मुदतीपूर्वी वर्गणी सोडणाऱ्यास द्यावा लागणारा आकार ग्राहकांपासून दडवला, असा आरोप ठेवून जून २०२४ मध्ये खुद्द अमेरिकन सरकारनेच कंपनीवर दावा दाखल केला.

वर्गणीमुळे मोठी रक्कम एकदम उभी करावी लागत नाही आणि सुधारणा सतत मिळतात, असे समर्थक म्हणतात. यात तथ्य आहे. परंतु मग विकत घेण्याचा पर्यायही शिल्लक ठेवायला काय हरकत होती, याचे उत्तर या युक्तिवादात नाही.

दुसरा मार्ग अस्तित्वात आहे. क्रिटा हे चित्रकलेचे मुक्त सॉफ्टवेअर अनेक देशांतील कार्यकर्त्यांनी मिळून घडवले आहे. २०१३ साली त्याच्या पाठबळासाठी नेदरलँड्समध्ये संस्था स्थापन झाली. कोणीही ते विनामूल्य घ्यावे, त्याची संहिता तपासावी, बदलावी आणि इतरांना द्यावी. फ्रान्समधील डेव्हिड रेव्हॉय यांची २०१४ साली सुरू झालेली 'पेपर अँड कॅरट' ही चित्रकथा याच साधनाने रेखाटलेली आहे. अर्थात विनामूल्य म्हणजे विनाश्रम नव्हे. ते घडवणाऱ्या तंत्रज्ञांचा निर्वाह देणग्यांवरही अवलंबून असतो, आणि ही व्यवस्था भक्कम म्हणता येणार नाही.

म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या चित्रकाराच्या निवडीवर सोडून भागणार नाही. ज्या कलाशाळेत एकाच कंपनीचे साधन शिकवले जाते, तेथील विद्यार्थी पदवीबरोबर खंडाचा करारही घेऊन बाहेर पडतो. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून वेगळा पायंडा पाडला आहे. महाराष्ट्रातील शासकीय आणि अनुदानित कलासंस्थांत मुक्त साधनांचे शिक्षण अनिवार्य व्हावे, शासकीय कामाची चित्रे कोणत्याही एका कंपनीच्या साधनाची सक्ती न करता स्वीकारली जावीत आणि परवान्यांवरील खर्चात जी बचत होईल तिचा काही भाग ही साधने घडवणाऱ्यांना मिळावा. कुळाला सातबारावर नाव लावून घेण्यासाठी संघटित व्हावे लागले होते. चित्रकारांनाही त्यावाचून गत्यंतर नाही.