रेकॉर्डची दुसरी बाजू

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं. गाण्याच्या रेकॉर्डच्या एका बाजूला किती खाचा असतात? घरातल्या मोठ्या माणसांनाही विचारून बघा. कुणी शंभर म्हणेल, कुणी हजार म्हणेल. पण बहुतेक सगळ्याच रेकॉर्डवर असते फक्त एक! बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत चकलीसारखी फिरत गेलेली एकच एक लांबलचक खाच. तिच्या भिंतींना बारीक नागमोडी वळणं असतात. रेकॉर्ड फिरते, सुई त्या वळणांवरून जाताना थरथरते आणि त्या थरथरीचा पुन्हा आवाज होतो. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेली तान त्या खाचेत कोरून ठेवलेली असते. आहे की नाही गंमत!

जुन्या रेकॉर्ड जमवणं आणि ऐकणं हा आजचा आपला छंद. मोबाइलवर हवं ते गाणं क्षणात वाजतं, मग ही जुनी ताटं कशाला सांभाळायची, असं तुम्हाला वाटेल. त्याचं उत्तर मी एका रेकॉर्डच्या गोष्टीतून देणार आहे. पण आधी थोडी ओळख करून घेऊ.

सगळ्यात जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ वेळा फिरायच्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटांचं गाणं मावायचं. हातातून पडली की तबकडी फुटलीच म्हणून समजा, कारण ती लाखेपासून बनवलेली असायची. हो, तीच लाख, जिच्या बांगड्या होतात! पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारे इवलेसे किडे ती तयार करतात आणि जगाला ती मुख्यतः भारतातून जायची. मग १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहेतीस नव्हे, नीट वाचा हं, ३३ पूर्णांक एक तृतीयांश वेळा फिरणारी मोठी एल.पी. निघाली आणि १९४९ मध्ये ४५ वेळा फिरणारी छोटी, सात इंचाची रेकॉर्ड आली. या दोन्ही व्हिनाइलच्या. पाण्याचे पाइप ज्या पीव्हीसीचे असतात ना, त्याच जातीचं हे प्लॅस्टिक.

आपली गोष्ट आहे अशाच एका सात इंची रेकॉर्डची. तिचा कर्ता मनू दिबांगो. आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात, दुआला या बंदराच्या गावी १९३३ साली त्याचा जन्म झाला. पंधरा वर्षांचा असताना, १९४९ मध्ये, घरच्यांनी त्याला शिकायला बोटीने फ्रान्सला धाडलं. जिथे राहायचं त्या घरी द्यायला म्हणून त्याच्याबरोबर काय दिलं असेल? तीन किलो कॉफी! महायुद्ध संपून चारच वर्षं झाली होती, तेव्हा कॉफी म्हणजे मोठीच भेट. पुढे त्याने आपल्या आत्मचरित्राला नावच दिलं ‘तीन किलो कॉफी’.

फ्रान्समध्ये मनूला जॅझचं वेड लागलं. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. आपल्याकडे बंदिश ठरलेली असते, पण आलाप-ताना गायक त्या त्या वेळी सुचतील तशा घेतो, हो ना? जॅझमध्येही धून ठरलेली आणि विस्तार आयत्या वेळचा. मनू आधी पियानो शिकला, मग सॅक्सोफोन. तोच तो, पितळेचा चकचकीत, खाली वळून पुन्हा वर तोंड केलेला.

आता १९७२ सालात या. त्या वर्षी आफ्रिकेतल्या देशांची फुटबॉल स्पर्धा कॅमेरूनमध्ये भरली होती. तिच्यासाठी मनूने एक गाणं तयार केलं. त्याची रेकॉर्ड निघाली. पण रेकॉर्डला बाजू दोन! पहिल्या बाजूवर स्पर्धेचं गाणं आलं. दुसरी बाजू रिकामी कशी ठेवायची? तिथे मनूने आपल्या आवडीचं एक गाणं घातलं. त्याचं नाव ‘सोल माकोसा’.

हे नाव नीट बघा. माकोसा हा दुआलाचा नाच. त्या भाषेत या शब्दाचा संबंध नाचण्याशीच आहे. आणि सोल हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चमधल्या गाण्यातून फुललेलं संगीत. वर मनूचा जॅझचा सॅक्सोफोन. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून, साखळदंडांनी बांधून अमेरिकेला नेलं गेलं. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी तिथे जॅझ आणि सोल घडवलं. ते संगीत रेकॉर्डवर बसून समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या मुलाकडे परत आलं आणि त्याने त्यात आपल्या गावचा नाच मिसळला! गाण्यात तो ‘माकोसा’ हा शब्द तोंडात घोळवतो, तोडतो, मुद्दाम अडखळल्यासारखा पुन्हा पुन्हा म्हणतो. एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही.

स्पर्धा संपली. कॅमेरूनला काही चषक मिळाला नाही, तो गेला काँगोकडे. स्पर्धेबरोबर तिचं गाणंही मागे पडलं. मग दुसऱ्या बाजूचं काय झालं?

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मन्कुसो नावाचा एक माणूस होता. आपल्या घरी लोकांना बोलावून तो निवडक रेकॉर्ड लावायचा आणि लोक नाचायचे. रेकॉर्डच्या शोधात भटकताना ब्रुकलिन भागातल्या एका दुकानात त्याला ‘सोल माकोसा’ सापडली. त्याने ती घरी वाजवली आणि लोक वेडेच झाले! मग रेडिओवर फ्रँकी क्रॉकर ती लावू लागला. आता सगळ्यांनाच ती हवी, पण शहरात प्रती अगदी मोजक्या. मग दुसऱ्या वादकांनी घाईघाईने तेच गाणं वाजवून आपापल्या रेकॉर्ड काढल्या. शेवटी अटलांटिक या मोठ्या कंपनीने हक्क घेऊन मूळ रेकॉर्ड अमेरिकेत काढली आणि १९७३ मध्ये ती तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पस्तिसाव्या क्रमांकावर पोचली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. १९८२ साली मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ हा अल्बम आला. त्यातल्या पहिल्याच गाण्याच्या शेवटी मनूचे ते अडखळते बोल थोडे बदलून घेतलेले होते. मनूला न विचारता! मनूने हरकत घेतली आणि शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली. पुढे २००७ मध्ये रिहानाच्या एका गाण्यात तेच बोल पुन्हा आले आणि मनूला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. जगभरच्या मुलांना ते बोल पाठ, पण ते मुळात कुणाचे हे फार थोड्यांना ठाऊक. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाने मनू दिबांगो गेला, तेव्हा तो ८६ वर्षांचा होता.

आता सांगा, ते बोल कुणाचे याचा पुरावा कुठे होता? त्या सात इंची रेकॉर्डवर! मधल्या गोल कागदावर नाव छापलेलं होतं आणि खाचेत त्याचा आवाज होता. म्हणून रेकॉर्ड जपायच्या. आफ्रिकेतल्याच गिनी देशात १९८५ साली बंडाच्या वेळी रेडिओच्या इमारतीवर बाँब पडले आणि तिथे जपलेल्या देशाच्या रेकॉर्ड नष्ट झाल्या. पुढे एका ऑस्ट्रेलियन संशोधकाने तो संग्रह पुन्हा जुळवला. कसा? लोकांनी घरोघरी जपलेल्या रेकॉर्ड गोळा करून!

तेव्हा या रविवारी एक काम करा. आजी-आजोबांच्या कपाटात, माळ्यावर रेकॉर्ड आहेत का बघा. आधी विचारा, मगच हात लावा. रेकॉर्ड कडेने धरा, खाचेवर बोटं नकोत. मऊ कापडाने खाचेच्या दिशेने गोल पुसा. पुस्तकांसारखी उभी ठेवा आणि उन्हात तर मुळीच नको, नाहीतर तिचा पापड होईल. ७८ च्या तबकडीला वेगळी सुई लागते, हेही विसरू नका.

मग एक वही करा. गाणं कुणी गायलं, कुणी लिहिलं, चाल कुणाची, साथीला कोण, कागदावर जे जे छापलंय ते सगळं उतरवा. नाव नसेल तर आजोबांना विचारा, त्यांना आठवत असेल. आणि घरात रेकॉर्ड नसेल तरी बिघडत नाही. तुमच्या आवडत्या पाच गाण्यांचे गीतकार आणि संगीतकार शोधून लिहा. बघा बरं, पाचांपैकी किती नावं तुम्हाला आधीपासून माहीत होती!

आणि रेकॉर्ड वाजवलीत तर एवढं लक्षात ठेवा. पहिली बाजू संपली की लगेच उठू नका. ती उलटी करा.

भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या छंदासह!