भंगारात घालण्याआधी ती सीडी बघा

आपल्या डोणगावच्या पोरांना लोणारचं सरोवर नवं नाही. आकाशातून आलेल्या दगडानं काळ्या बेसॉल्टात पाडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा आपण काठावर उभं राहून पाहिलेला असतो. असाच एक दगड पृथ्वीच्या रोखानं निघालाय, त्याला वळवायला माणसं अवकाशात जातात आणि त्याच्याच पोटातून परग्रहावर पोचतात, ही गोष्ट लुकासआर्ट्स या कंपनीनं १९९५ साली ‘द डिग’ या कॉम्प्युटर गेममध्ये सांगितली. मूळ कल्पना स्टीव्हन स्पीलबर्ग यांची. गोळीबाराचा खेळ नव्हे हा. माऊसनं एकेक वस्तू तपासायची, विचार करायचा, कोडं सोडवायचं, मगच गोष्ट पुढं सरकते. विज्ञानकथा वाचायची नाही, तिच्यात शिरून वाट शोधायची.

पण असे जुने खेळ आपोआप टिकत नाहीत. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं. १९९७ च्या ‘ब्लेड रनर’ या गेमचा तर मूळ सोर्स कोडच हरवला. पण लोकांनी त्याच्या सीड्या जपल्या होत्या. त्यांच्याच आधारानं स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून खेळाची रचना उलगडली आणि २०१९ साली तो जुने गेम चालवणाऱ्या ‘स्कमव्हीएम’ या मोफत प्रोग्रॅमवर पुन्हा चालू झाला. घराघरांत ठेवलेल्या सीड्यांनी एक अख्खा खेळ वाचवला.

म्हणून विनंती आहे. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर, सीड्यांचा डबा, फ्लॉप्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकण्याआधी उघडून बघा. जुना गेम सापडला तर सीडी ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवा. खोकं आणि माहितीपुस्तिकाही फेकू नका. सीडी चालतेय तोवर तिची प्रत काढून ठेवा. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसानीपासून बचावासाठी प्रत काढायला आपला कॉपीराइट कायदा मुभा देतो.

शिक्षकांनो, शाळेच्या संगणक खोलीतल्या एका यंत्रावर स्कमव्हीएम टाका. १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा विज्ञानकथेचा गेम त्याच्या निर्मात्यांनी २००३ पासून मोफत खुला केलाय. पोरांना तो खेळू द्या आणि कोडं कसं सुटलं ते मराठीत लिहायला सांगा. खेळणारी नवी माणसं तयार झाली नाहीत, तर नुसत्या जपलेल्या सीड्यांचा काय उपयोग?

लोणारला आदळलेली उल्का गेली, तरी तिचा खड्डा राहिला. गेमची शेवटची प्रत गेली, तर मागं खड्डासुद्धा राहत नाही. तेव्हा आजच माळ्यावर चढा आणि तो डबा खाली काढा.