पुढे जायचे कोणी ठरवावे?

महामार्गावरून प्रवास करताना तुम्ही एक गोष्ट अनेकदा पाहिली असेल. पुढे मालाने भरलेला एखादा ट्रक संथपणे चाललेला असतो. त्याच्या मागचा चालक थोडा वेळ थांबतो. उजव्या बाजूने समोरचा रस्ता पाहतो, आरशात मागचा रस्ता पाहतो, इंडिकेटर लावतो आणि मगच ट्रकच्या पुढे जातो. यालाच आपण ओव्हरटेक करणे म्हणतो. आता अशा मोटारी आल्या आहेत, की ज्यांचा वेग यंत्र सांभाळते. मग ओव्हरटेक करण्याचा निर्णयही यंत्रावर सोपवावा का? या प्रश्नाचा आपण विचार करू.

प्रथम या यंत्राची ओळख करून घेऊ. मोटारीचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या साधनाला क्रूझ कंट्रोल म्हणतात. ते राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने तयार केले. टीटर लहानपणीच एका अपघातात अंध झाले होते. मोटारीत बसले, की तिचा कमी-जास्त होणारा वेग आणि त्यामुळे बसणारे धक्के त्यांना फार जाणवत. वेग स्थिर ठेवण्याची युक्ती त्यांनी शोधली आणि १९५० साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. १९५८ साली क्रायस्लर कंपनीने हे साधन आपल्या मोटारीत बसवले. ज्यांना रस्ता दिसत नव्हता, त्यांनी चालकांसाठी एवढे उपयोगी साधन निर्माण केले, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

परंतु या साधनाला समोरचे काहीच कळत नव्हते. पुढे गाडी आली, तरी ते ठरलेल्या वेगानेच चालत राही. ही उणीव दूर करण्यासाठी अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल हे नवे यंत्र आले. १९९५ साली जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीने लेझर किरणांनी पुढच्या गाडीचे अंतर मोजणारी मोटार विक्रीला आणली. पुढे मर्सिडीज कंपनीने या कामासाठी रडार वापरले. भारतातही अशा मोटारी मिळू लागल्या आहेत.

हे यंत्र कसे चालते? चालक दोन गोष्टी ठरवतो. एक, आपला वेग किती असावा आणि दुसरी, पुढच्या गाडीपासून अंतर किती असावे. हे अंतर सेकंदांत धरतात. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २५ मीटर जाते. म्हणून दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ५० मीटर. पुढची गाडी हळू झाली, की यंत्र आपली मोटार हळू करते. पुढचा रस्ता मोकळा झाला, की ते वेग पुन्हा वाढवते.

आता ओव्हरटेक करताना काय होते ते पाहा. समजा, चालकाने ताशी १०० किलोमीटर वेग ठरवला आहे. पुढे ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक चालला आहे. यंत्र आपल्या मोटारीचा वेग ६० वर आणते आणि मोटार मुकाट्याने ट्रकच्या मागे चालू लागते. चालकाने उजवा इंडिकेटर लावला, की पुष्कळशा मोटारींतील यंत्र ओळखते, की आता पुढे जायचे आहे. मोटार उजव्या लेनमध्ये पूर्ण जाण्यापूर्वीच ते थोडा वेग वाढवते. लेन मोकळी दिसली, की वेग १०० पर्यंत नेते. ही सोय चांगल्या हेतूने केलेली आहे. मोटार ६० च्याच वेगाने उजव्या लेनमध्ये शिरली, तर तेथून वेगाने येणाऱ्या गाड्या तिच्यावर आदळण्याची भीती असते.

काही यंत्रे तर देशाचा कायदाही पाळतात. जर्मनीत वाहने उजव्या बाजूने चालतात आणि तेथील महामार्गावर उजवीकडून पुढे जाण्यास साधारणपणे बंदी आहे. म्हणून तेथील काही मोटारींचे यंत्र ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेग असेल, तर डावीकडच्या गाडीला उजवीकडून मागे टाकत नाही.

एवढे वाचून तुम्हांला वाटेल, की यंत्र फार हुशार आहे. ते आहेच; पण त्याची हुशारी कोठे संपते, हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट इंडिकेटरची. इंडिकेटर म्हणजे रस्त्यावरची भाषा. ‘मी या बाजूला वळणार आहे,’ असे आपण त्यातून इतरांना सांगतो. यंत्र मात्र त्याचा अर्थ ‘वेग वाढव’ असा घेते. समजा, चालकाला ट्रकच्या पुढे जायचे नाही, त्याला दुभाजकातील मोकळ्या जागेतून उजवीकडे वळायचे आहे. अशा वेळी मोटार हळू व्हायला हवी; पण ती क्षणभर वेग घेऊ शकते. मोटारीच्या माहितीपुस्तकात अशी सूचना असते. परंतु ते पुस्तक किती जण वाचतात?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याकडचे अनेक रस्ते दुभाजक नसलेले आहेत. तेथे ओव्हरटेक करताना समोरून येणाऱ्या वाहनांच्या लेनमध्ये जावे लागते. थोडे गणित करू. ट्रकचा वेग ६० आणि आपला वेग ८० आहे. म्हणजे दर सेकंदाला आपण ट्रकपेक्षा सुमारे साडेपाच मीटर जास्त जातो. सुरक्षित अंतर ठेवून ट्रकला मागे टाकायचे, तर ५५ मीटर तरी जास्त जावे लागेल. त्याला १० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आपली मोटार सुमारे २२० मीटर जाते आणि समोरून ८० च्याच वेगाने येणारी मोटारही २२० मीटर जवळ येते. म्हणजे साडेचारशे मीटर रस्ता मोकळा हवा! रडारची नजर साधारणपणे दोनशे मीटरच्या आसपास पोहोचते. त्यातून समोर ट्रक आडवा असतो. शिवाय, समोरून येणाऱ्या वाहनांना पाहून वेग बदलणे, हे या यंत्राचे कामच नव्हे. इंडिकेटर लागला, की ते वेग देईल. समोरून बस येत आहे, हे ते सांगणार नाही.

तिसरी गोष्ट थांबलेल्या वाहनाची. आपण एका गाडीच्या मागे वेगाने चाललो आहोत. तिच्या पुढे रस्त्यात एक ट्रक बंद पडला आहे. पुढची गाडी ऐनवेळी बाजूला होते. रस्ता मोकळा झाला असे समजून काही यंत्रे वेग वाढवू लागतात. उभा ट्रक त्यांना वेळेवर ओळखता येत नाही. तेथे चालकाचा पाय ब्रेकवर गेलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, माणूस तरी कोठे निर्दोष आहे? तो थकतो, त्याला झोप येते. कोणी मागे टाकले, तर त्याला अपमान वाटतो आणि तो ईर्ष्येने वेग वाढवतो. यंत्राला राग येत नाही. हे म्हणणे खरे आहे. काही देशांत तर दुभाजक असलेल्या महामार्गावर स्वतः लेन बदलणाऱ्या मोटारीही आहेत. म्हणूनच दुभाजक असलेल्या लांबच्या रस्त्यावर या यंत्राची मदत जरूर घ्यावी. ते सुरक्षित अंतर राखते आणि चालकाचा थकवा कमी करते.

पण मदतनीस आणि मालक यांत फरक आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ओव्हरटेक करण्यापूर्वी चालकाने हे यंत्र बंद करावे आणि वेग आपल्या हाती घ्यावा, असे मला वाटते. मोटार विकणाऱ्याने ग्राहकाला यंत्राचे गुण सांगावेत, तशा त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. वाहन चालवण्याचा परवाना देताना या गोष्टी विचारल्या जाव्यात. कारण चूक झाली, तर जीव आपला जातो आणि समोरून येणाऱ्या निरपराध माणसाचाही जातो.

मित्रांनो, तुमच्या अब्बांनी किंवा भाईजाननी अशी मोटार चालवली, तर त्यांना आदराने विचारा, की इंडिकेटर लावल्यावर ही मोटार काय करते? उत्तर ठाऊक नसेल, तर माहितीपुस्तक उघडून त्यांच्याबरोबर वाचा. ‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी तुम्ही घाटात वाचली असेल. यंत्राला ती पाटी वाचून थांबता येत नाही. तुम्हांला येते.