चिठ्ठीवरचे मलम आणि चिखलातला पाय

हिंदमाता म्हटले की आपल्याकडच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक तिथला कापडबाजार, लग्नाचा बस्ता बांधायला जातो तो. आणि दुसरे म्हणजे पावसाळ्यात टीव्हीवर दिसणारे तिथले गुडघाभर पाणी. दादर-परळच्या मधला हा भाग सखल, बशीसारखा. आजूबाजूचे पाणी तिथे येऊन थांबते. महानगरपालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदान यांच्या खाली मोठ्या टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरू लागले, पण पाऊस मुसळधार असला की अजूनही साचते. केईएम आणि वाडिया ही इस्पितळे याच बाजूला. म्हणजे आपल्या गावचा पेशंट घेऊन गेलेला माणूसही कधीतरी त्या पाण्यातून चालतोच.

शेतकरी बंधूंनो, मुंबईचे पाणी गावच्या पानावर कशाला, असे विचाराल. कारण हिंदमाताच्या पाण्यात जे असते तेच भातखाचरातल्या पाण्यात असू शकते. उंदराच्या, गुराढोरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पाण्यात उतरतात आणि पायाला कापलेले, खरचटलेले असले की तिथून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली. तेव्हापासून जोराचा पाऊस झाला की महापालिकेचा आरोग्य विभाग बजावतो, साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरला दाखवून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. पायाला जखम असणाऱ्याला धोका जास्त. कोकणात सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे भाताच्या शेतात उतरणाऱ्यांनाही हाच आजार होतो.

आता आपल्याकडे काय चालते ते बघा. विळा लागला, रक्त आले. घरात फळीवर एक ट्यूब असते, वर्षापूर्वी कुणाच्या तरी भाजण्यावर डॉक्टरांनी लिहून दिलेली. ती बोटाने चोपडली आणि गडी पुन्हा चिखलात. विचारले तर म्हणतो, "मलम लावलंय की!" घात होतो तो इथेच. मलम म्हणजे गमबूट नव्हे. चिखलात ते घटकाभरात धुऊन जाते. आणि टिकले तरी ते जखमेच्या तोंडाशी काम करते. अंगात शिरलेल्या लेप्टोला त्याचा उपयोग नाही. धनुर्वाताचे जंतू हवा पोचत नाही अशा खोल जखमेत वाढतात. खिळा, काटा, कुळवाची फास रुतली तर वरून कितीही मलम थापा, इंजेक्शन घ्यावेच लागते. कुत्रा चावला तर मलम, हळद, चुना काही नको. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे.

ट्यूबा तरी सगळ्या एक कुठे असतात? भाजल्यावर देतात ते पांढरे मलम बहुधा सिल्व्हर सल्फाडायझिनचे असते. औषध चांगले, पण त्यात सल्फा आहे. ज्याला सल्फाच्या गोळ्यांनी पूर्वी अंगावर पुरळ उठले असेल त्याने डॉक्टरला ते आधी सांगावे. दिवस भरत आलेल्या बाईला आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे मलम आपल्या मनाने कधीच लावू नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मोठे भाजलेले माणूस इस्पितळात न्यायचे असेल तर घरी मलम लावूच नये. पांढरा थर बसला की भाजणे किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही. साधे गार पाणी वीस मिनिटे ओतावे, स्वच्छ फडक्याने सैल झाकावे आणि निघावे. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांतले काहीही नको.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. काही मलमांत जंतुनाशक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड अशी खिचडी असते. नायटा, गजकर्ण यावर लावले की खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूष. खाली बुरशी मात्र पसरत राहते, पुढे औषध लागू पडेना होते, कातडी पातळ पडते. जांघेत तर हमखास. हा प्रकार इतका वाढला की २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीवरच विकायची असा नियम केला. तरीही "ती पिवळी ट्यूब द्या" म्हटले की कित्येक दुकानांत ती मिळते. दुकानदाराला दोष द्यावा तेवढा थोडाच, पण मागणारे आपणच ना?

डॉक्टरने मलम दिलेच, तर आधी हात साबणाने धुवा. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन मागचा थर काढा, मग पातळ थर द्या. थापून लावल्याने जखम लवकर भरत नाही. दिवसातून एकदा की दोनदा, आणि किती दिवस, हे डॉक्टरला विचारूनच घ्या. डबीत बोट घालून तेच बोट पुन्हा जखमेला आणि पुन्हा डबीत असे करू नका. चूल किंवा खिडकीतले ऊन यांच्याजवळ ट्यूब ठेवू नका. पांढरे मलम काळपट पडले तर तारीख न बघता टाकून द्या. बैलाच्या खांद्याचे मलम बैलालाच. जखमेभोवती लाली पसरली, ठणका वाढला, पू झाला, ताप आला, तर मलम बदलत न बसता दवाखाना गाठा. मधुमेहवाल्याने तर पायाला बारीक फोड आला तरी तो दाखवावा. पावसात भिजल्यावर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल असे दिसले तर पाण्यात, चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरला आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असे नाही.

सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. लावणीच्या आधीच्या ग्रामसभेत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना अर्धा तास बोलवा. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि कुत्र्याची लस केंद्रात शिल्लक आहे का, हे जूनच्या आधी विचारा. संपल्यावर तक्रार करून काय उपयोग? लेप्टोच्या गोळ्या कुणी, कधी घ्यायच्या हे आशाताईंनी घरोघर सांगावे. आणि शाळेत एक तास मुलांना ट्यूबवरची उभी लाल रेघ ओळखायला शिकवा. ती रेघ असली की औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायचे असते. घरच्या फळीवरच्या ट्यूबा संध्याकाळी खाली काढून तारखा वाचून दाखवायचे काम मुलांवरच सोपवा, म्हाताऱ्या माणसांना ती बारीक अक्षरे दिसत नाहीत.