घुम्यांची बाजू

घुम्या, एकलकोंडा, माणूसघाणा. न बोलणाऱ्याला मराठीत शिव्या किती! आणि पाच मिनिटांत समोरच्याचा पगार, मुलीचं लग्न आणि मूळव्याध काढून घेणाऱ्याला काय म्हणतात? 'मोकळ्या स्वभावाचा'!

मी जन्माचा घुम्या. कडेगावच्या एस.टी. स्टँडवर ओळखीचं माणूस दिसलं की मी वेळापत्रक वाचू लागतो. कऱ्हाड-विट्याच्या गाड्या मला तोंडपाठ आहेत त्या याच कारणानं. "काय, मग?" याला माणसानं काय उत्तर द्यायचं असतं, हे पन्नाशी उलटली तरी मला कळलेलं नाही.

आम्हा लोकांना माणसंच नको असतात, असं मोकळी मंडळी ठोकून देतात. साफ खोटं! धारवाडचे जी. ए. कुलकर्णी घ्या. डोळ्यांवर काळा चष्मा, सभासमारंभ वर्ज्य. १९८७ साली ते गेले आणि मागाहून त्यांच्या पत्रांचे खंड निघाले. माणूसघाणा माणूस इतकी पत्रं लिहील होय? त्यांना माणसं हवी होती, बैठक नको होती. बरं, पत्रांचं राहू द्या. आमच्या गावचे मोहरमचे ताबूत बघा. शंभर फुटांच्या वर उंच, काहींचा मान हिंदू घराण्यांकडे. त्यांच्या गळाभेटी बघायला लांबलांबून लोक येतात. दोन ताबूत समोरासमोर येतात, थांबतात. एकही "काय, मग?" म्हणत नाही. तरी ती भेटच ना?

मी म्हणतो, संभाषणाला नालायक कुणी असेल तर ज्याला गप्प बसता येत नाही तो. वडील गेले तेव्हा आमचं घर भरून गेलं होतं. आलेल्या प्रत्येकानं आपल्या घरचा मृत्यू साद्यंत सांगितला. एकानं तर दवाखान्याच्या बिलासकट. आईला घटकाभर डोळे मिटू दिले नाहीत. आमचा एक मावसभाऊ, घुम्यांचा मुकुटमणी, दारातल्या चपला बाजूला सारून भिंतीशी बसून राहिला. रात्री सगळे पांगल्यावर त्यानं स्वतः चहा केला आणि आईपुढं ठेवला. दोन दिवसांत तिनं घेतलेला तो पहिला घोट.

दुसऱ्या दिवशी एका मोकळ्या स्वभावाच्या काकांनी मला कोपऱ्यात गाठलं. "पोरगं चांगलंय रे," ते म्हणाले, "पण चार शब्द बोलायची रीत नाही त्याला."

मी अर्थातच काही बोललो नाही. म्हणून तर आता हे लिहीत बसलोय.