पणजोबांचे नाव कोठे सापडते?



गोठ्यातला खोंड कोणत्या गाईचा किंवा कोणत्या बाजारातून आणला, हे आपण घडाघडा सांगतो. पण पणजोबा-पणजीचे नाव विचारले की पुष्कळ घरांत एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले जाते.

ही माहिती हौसेपुरती नाही. वारसनोंद, वाटणी, जातीचा दाखला, प्रत्येक वेळी वंशावळ लागते. 2023 साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील जुने दप्तर तपासायला घेतले, तेव्हा गावोगावी जुन्या नावांची चौकशी सुरू झाली.

शोध आजच्या सातबाऱ्यापासून सुरू करा. त्यावर फेरफाराचे क्रमांक असतात. एकेक फेरफार काढत मागे गेलात, की कोणाच्या पश्चात कोणाचे नाव लागले ते कळते. पुढची पायरी 1954-55 च्या सुमाराचे खासरा पत्रक. तहसील कार्यालयात अर्ज देऊन त्याची नक्कल मागावी. गावचे कोतवाल बुक आणि शाळेचे जुने रजिस्टरही पाहावे. घरचे कोणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला विधीसाठी गेले असतील, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत दोन-चार पिढ्या सापडू शकतात.

आपला धाराशिव जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून त्या काळचे महसुली कागद बहुधा उर्दूत असतात आणि त्यांवर फसली सन असतो. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन निघतो. फसली 1350 म्हणजे 1940-41. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात होती. आजोळ तिकडचे असेल तर जुने कागद मोडीत निघतील. जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

कागदावर एकर-गुंठे मिळतील. पण पणजोबांची शेती किती औतांची होती, पेवात काय साठवत, विहीर कोणी खणली, मोट कधी बंद झाली, हे घरातल्या जुन्या माणसालाच ठाऊक असते. त्यांना साल विचारू नका, प्रसंग विचारा. रझाकारांच्या त्रासाने 1947-48 मध्ये आपल्या भागातील अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. "तेव्हा तुम्ही केवढे होता?" 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. "तेव्हा घरात खाणारी तोंडे किती?" अशा उत्तरांवरून वये आणि साले बरोबर जुळतात.

आणखी एक गोष्ट. जुन्या सातबाऱ्यावर बहुतेक नावे पुरुषांची असतात. जिने जन्मभर भांगलण केली, बियाणे राख लावून कणगीत जपले, त्या पणजीचे नाव सहसा तेथे नसते. ते माहेरच्या गावासह आपणच लिहून ठेवायला हवे. तसेच वंशावळीत लेकींची नावे गाळू नका. 2005 च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. प्रतिज्ञापत्रात बहिणीचे नाव दडवले, तर पुढे कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि भाऊबीजही तुटते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. उमरगा-लोहारा भागात दगडमातीची घरे कोसळली, माणसे गेली, आणि पेट्या-फडताळातले कागदही ढिगाऱ्याखाली गेले. पुढे गावे नव्या जागी वसली. पण सांगणारे माणूसही गेले आणि कागदही गेला, तर त्या घराची मागची हकीकत पुन्हा कोठून आणणार?

तेव्हा रब्बीची पेरणी आटोपली की दोनशे पानी वही आणा. घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर लिहिण्याचे काम तिच्याकडे द्या. म्हाताऱ्या माणसांजवळ रोज अर्धा तास बसून ऐकावे आणि त्यांच्याच शब्दांत उतरवावे. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख खाली टाकावी. एक प्रत आपल्याकडे ठेवावी, दुसरी सासरी गेलेल्या बहिणीकडे द्यावी.