गर्भवतीचे सामिष भोजन

मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, की तिच्या ताटावर साऱ्या घराचा पहारा बसतो. ज्या घरांतून सामिष आहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तेथेही ‘मटण उष्ण, आता ते नको’ असा वडीलधाऱ्यांचा दंडक निघतो. उलट एखादी मैत्रीण तिला मायेने पत्थर का गोश्त खाऊ घालावयास नेते. या दोन्ही गोष्टींचा शांतपणे विचार व्हावयास हवा, असे आम्हांस वाटते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते. तेव्हा मांसाहाराची सवय असलेल्या मुलीचे मटण केवळ उष्णतेच्या भयाने बंद करणे म्हणजे तिच्या पोषणाचा एक चांगला आधार काढून घेणे होय. आहारातील उणीव काय करते, हे मुंबईने पूर्वीच पाहिले आहे. १९२८ साली तेथे आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणीकामगार गर्भवतींच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया सुधारल्या, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले.

खरे भय आहे ते मांस कच्चे राहण्याचे. अर्धकच्च्या मांसातून टोक्सोप्लाझ्मा हा परोपजीवी शरीरात शिरू शकतो, आणि लिस्टेरिया हा जीवाणू तर शीतकपाटातही वाढतो. मातेला साधा ताप यावा, आणि गर्भाला मात्र गंभीर इजा व्हावी किंवा गर्भपात व्हावा, असे या दोहोंच्या बाबतीत घडू शकते.

म्हणून हैदराबादच्या पदार्थांत थोडा विवेक करावा. तापल्या शिळेवर भाजलेला गोश्ताचा तुकडा आत गुलाबी दिसला, तर तो बाजूस सारावा. कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीतील मांस हाडापर्यंत शिजले आहे की नाही, ते पाहावे. हलीम तासन्‌तास शिजतो. त्याला धोका असतो तो नंतर कोमट पडून राहण्याचा. तो वाफाळताच घ्यावा. कलेजी रक्त वाढविते हे खरे. परंतु तीत अ जीवनसत्त्व अतिशय असते आणि त्याचा अतिरेक गर्भास बाधतो. यास्तव या दिवसांत ती टाळलेली बरी.

घरच्या स्वयंपाकातही काही पथ्ये आहेत. कोंबडी नळाखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. कच्च्या मांसाची सुरी व पाट कोशिंबिरीस वापरू नयेत. कोंबडी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे. मटणासाठी आपला कुकर उत्तम. उरलेले कालवण दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात तासाभरातच, शीतकपाटात ठेवावे व पुन्हा उकळी आणूनच वाढावे.

शाकाहारी घरांनी यासाठी आपला आचार मोडण्याचे कारण नाही. डाळी, पालेभाज्या व त्यांवर लिंबू यांचा चांगला उपयोग होतो. जेवणाला लागून चहा मात्र घेऊ नये, कारण तो लोहाचे शोषण रोखतो. आहार कोणताही असो, डॉक्टरांनी दिलेल्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या चुकवू नयेत. वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे, की मुलीपुढे मटणाची वाटी ठेवण्यास भिऊ नये; ते पुरते शिजले आहे याची मात्र स्वतः खात्री करावी.